डावीकडच्या लेकी

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला पडद्यावर आकडा उमटला आणि बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. एकाहत्तर.

"परत चालव," त्या म्हणाल्या.

मुंगीने परत चालवलं. मुंगी म्हणजे बाईंची पीएचडीची विद्यार्थिनी. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची म्हणून प्रयोगशाळेने तिला ते नाव ठेवलं होतं आणि तिनेही ते बिनतक्रार लावून घेतलं होतं. दोन मिनिटं संगणकाचा पंखा घरघरला. पुन्हा एकाहत्तर.

गेली तीन वर्षं दर सोमवारी हा आकडा शहाण्णवच्या आसपास असायचा. बाईंची प्रयोगशाळा यीस्टवर काम करायची. पाव फुगवतो तोच यीस्ट. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पेशी वाटाण्यासारखी दिसते. वाढीला लागली की तिच्या कडेला एक बारीक फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि यथावकाश सुटून आपला वेगळा संसार थाटतो. प्रयोगशाळेत मोठीला आई म्हणत, फुगवट्याला लेक, आणि फुगवटा असलेल्या पेशीला लेकुरवाळी. शंभरात लेकुरवाळ्या किती, यावरून एखाद्या औषधाने वाढ थांबली की नाही ते कळायचं.

हे मोजायला त्यांनी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. फोटो दिला की ते प्रत्येक पेशीभोवती रेघ ओढायचं, आई कोण आणि लेक कोण ते सांगायचं. पण ते बरोबर सांगतंय की थापा मारतंय, हे ठरवायला माणूसच लागायचा. तो माणूस म्हणजे दादा. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसून दादा तेच फोटो पुढ्यात घ्यायचे आणि संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेनाने, हाताने, पेशीपेशीभोवती रेघ ओढायचे. दर सोमवारी आठवडाभराच्या नव्या फोटोंवर सॉफ्टवेअरच्या रेघा आणि दादांच्या रेघा एकमेकांवर ठेवून ताडून पाहिल्या जायच्या; शंभरात किती जुळल्या तो सोमवारचा आकडा. दादांची रेघ म्हणजे शेवटचा शब्द.

आणि परवा, बुधवारी, दादांच्या रेघांचा तो सगळा साठा बारा प्रयोगशाळांकडे रवाना होणार होता. त्यावर पारखून त्या आपापली सॉफ्टवेअरं घडवणार होत्या. त्यातलं एखादं पुढे रुग्णालयात जाणार होतं, बुरशीच्या आजारात कुठलं औषध लागू पडतंय ते ठरवायला.

"सॉफ्टवेअर बिघडलं असेल," बाई म्हणाल्या.

"शुक्रवारपासून त्यातली एक ओळ बदललेली नाही. मी आधी तेच बघितलं." मुंगीने एक फोटो मोठा केला. सॉफ्टवेअरची रेघ पांढरी, दादांची पिवळी. "हे बघा."

आईच्या कडेला गोल, टपोरी लेक स्वच्छ दिसत होती. पांढरी रेघ तिला कुशीत घेऊन गेली होती. पिवळी रेघ मात्र मानेपाशीच सरळ खाली उतरली होती, लेकीला बाहेर टाकून. दुसऱ्या फोटोत तेच. तिसऱ्यात तेच.

"बाई, चुकलेत ते दादा," मुंगी म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकली. जणू देवळात शिवी दिली होती.

दादा चुकत नाहीत. चोवीस वर्षांत चुकले नव्हते. बाईंना स्वतःला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांनीच शिकवलं होतं.

"कुणीतरी त्यांच्या रेघा कापल्यात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

२

त्या फायली उघडता येतील अशी माणसं चारच होती. बाई, दादा, मुंगी आणि कोंबडा.

कोंबडा म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा. सकाळी साडेसहाला, झाडूवाल्याच्याही आधी, कामावर हजर व्हायचा म्हणून कोंबडा. बहिणीचं बाळंतपण होतं म्हणून बुधवारी रात्री सगळ्यांच्या शेवटी निघाला, गुरुवार-शुक्रवार रजेवर होता आणि आज गाडीवरून थेट, उशिराच परतला होता.

बाईंनी संचालकांना कळवलं नाही. कळवलं असतं तर दुपारपर्यंत चौकशी समिती बसली असती आणि बुधवार हातचा गेला असता. त्यांनी घरी फोन लावला.

आत्या त्यांच्याकडेच राहायची. एकतीस वर्षं तिने न्यायालयांसाठी हस्ताक्षरं तपासली होती. खऱ्या सह्या, खोट्या सह्या, मृत्युपत्रं, निनावी पत्रं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुणाचंही पाकीट आलं की आधी पत्त्याच्या अक्षराकडे बघायची, मग आतल्या मजकुराकडे.

"यीस्टमधलं मला ओ की ठो कळत नाही," ती फोनवर म्हणाली.

"रेघा आहेत आत्या. हाताने ओढलेल्या."

"आले."

ती येईपर्यंत मुंगीने गुरुवार-शुक्रवारचे चाळीस फोटो पालथे घातले होते. आणखी एक भानगड निघाली होती. रेघा ओढून झाल्या की दादांना खाली दोनपैकी एक बटण दाबावं लागायचं, मान्य किंवा अमान्य. फोटो धूसर असेल तर अमान्य. या खेपेला चांगले लख्ख नऊ फोटो अमान्यच्या कप्प्यात जाऊन पडले होते.

"आणि कापलेल्या लेकी?" बाईंनी विचारलं.

"एकशे अठरा." मुंगीने कागदावरून वाचलं. "पण बाई, उजवीकडची एकही लेक कापलेली नाही. वरची नाही, खालची नाही. एकशे अठराच्या एकशे अठरा डावीकडच्या आहेत."

घाईत केलेली नासधूस अशी नसते. इतकं निवडून, इतक्या थंड डोक्याने कोण कापेल? आणि का?

३

आत्याने मुंगीला समोर बसवलं आणि भलतंच विचारलं. "तू कुठे बसतेस?"

"सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतच. दादांच्या शेजारी."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या." मुंगीचा चेहरा उतरला. "पण सध्या नसल्यासारखीच. महिनाभर दादा माझ्याशी बोलत नाहीत."

"भांडलात?"

"नाही हो! सकाळी 'दादा, आले' म्हणते, ते मान वर करत नाहीत. परवा डबा उघडून पुढे केला, बघितलंसुद्धा नाही. माझ्या प्रबंधातले आकडे त्यांच्या रेघांशी जुळले नव्हते, ते मी मागे बोलून दाखवलं होतं. त्याचाच राग असेल." तिचे डोळे भरून आले. "आकडे जुळत नव्हते म्हणून मी रेघा कापल्या, असं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला अजून काहीच वाटत नाही," आत्या म्हणाली.

मग बाई आणि आत्या दादांकडे गेल्या. दादा आपल्या खुर्चीत ताठ बसले होते, कपाळ चोळत. गेले काही दिवस डोकं जड असतं म्हणाले. पांढऱ्या कोटाच्या डाव्या खांद्यावर भिंतीचा चुना लागला होता. बाईंनी प्रकार सांगितला तसा त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"माझ्या रेघांना हात लावला? कुणाची हिंमत झाली?"

"तेच शोधतोय दादा."

"चोवीस वर्षं झाली बाई. आठ महिन्यांनी मी घरी बसणार. जाताजाता माझं नाव मातीत घालायचं कुणाच्या मनात आलं?" त्यांचा आवाज फाटला. मग ओशाळून ते म्हणाले, "एवढं बोललो, घसा सुकला. आज चहावाला माझ्याकडे फिरकलाच नाही वाटतं."

चहा टेबलावर होता. त्यांच्या डाव्या कोपरापाशी, साय धरलेला. बाईंनी तो उचलून पुढे ठेवला तसे दादा म्हणाले, "अरे, आणलात का? बरं झालं." बाईंना वाटलं, बिचारे किती हादरलेत.

आत्या मात्र कपाकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "या फायली कुणी कधी उघडल्या, याची नोंद असेल ना?"

"असते. मुंगी काढतेय."

मुंगी धावतच आली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई, कोंबडा. तीन आठवडे. रोज सकाळी पावणेसात ते आठ, दादांच्या फायलींमध्ये."

४

बाईंना आधी पटेना. मग एकेक गोष्ट आठवत गेली तसं पटू लागलं. कोंबड्याला मागच्या महिन्यात एका कंपनीकडून नोकरीचं पत्र आलं होतं. ती कंपनी असलंच सॉफ्टवेअर बनवत होती. बाईंचा साठा खोटा ठरला तर बाजारात कंपनीचाच शब्द चालणार. तीन आठवडे हा माणूस कुणी यायच्या आत येतो आणि दादांच्या रेघांत हात घालतो.

"उघडत होतास का त्या फायली?" बाईंनी विचारलं. दार उघडंच होतं, बाहेर शेजारच्या प्रयोगशाळेतले दोघंतिघं रेंगाळत होते. दार लावून घ्यायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

कोंबड्याने मान खाली घातली. "हो."

"रेघा बदलत होतास?"

"हो."

बाईंना वाटलं होतं तो नाही म्हणेल, आरडाओरडा करेल. त्या सरळ 'हो'ची त्यांनी तयारी केली नव्हती.

"का?"

तो ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"अरे, तोंड उघड! दादांनी तुला पोरासारखं धरलं. पहिल्या दिवशी काच कशी धरायची तेही कळत नव्हतं तुला. त्या माणसाच्या कामावर तू कात्री चालवलीस?"

"मी काही कापलेलं नाही, बाई."

"मग काय केलंस?"

त्याने एकदा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे पाहिलं. तिथे काचेपलीकडे दादांची पाठ दिसत होती. "मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"किल्ल्या ठेव," बाई म्हणाल्या. "ओळखपत्रही. आणि नीघ."

त्याने दोन्ही टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ न देता. जाताना बाहेरच्या माणसांनी त्याला वाट करून दिली, स्पर्श टाळावा तशी.

बाई खुर्चीत बसल्या. तासाभरात प्रकरण सुटलं होतं.

आत्या दारातच उभी होती. "तो गुरुवार-शुक्रवार कुठे होता म्हणालीस?"

"रजेवर. बहिणीकडे."

"आणि नासलेले फोटो कुठल्या दिवसांचे?"

बाईंनी वर पाहिलं. "गुरुवार आणि शुक्रवारचे."

"तो रोज येत होता तेव्हा सगळं शहाण्णव. तो नव्हता तेव्हा एकाहत्तर." आत्याने पदर खोचला. "मला त्या रेघा दाखव. ओढून झालेल्या नकोत. ओढतानाच्या दाखव."

५

कोंबड्याने सॉफ्टवेअर लिहिताना एक गोष्ट चांगली केली होती. पेन पाटीवर फिरताना प्रत्येक ठिपका, ज्या क्रमाने पडला त्याच क्रमाने, किती दाबून पडला तेही धरून, साठवला जायचा. मुंगीने तो क्रम चित्रपटासारखा पडद्यावर चालवला.

आधी गेल्या वर्षीची एक रेघ. पेन वर टेकलं, डावीकडे वळलं, पेशीला वळसा घालून खालून उजवीकडे आलं आणि निघाल्या जागी पोचलं. एका दमात.

"ही दादांची. दहा दाखव अशा."

दहाच्या दहा तशाच. आत्याने चष्मा पुसला. "आता कोंबड्याने सकाळी बदललेल्या."

या रेघा खालून निघाल्या, उजवीकडून वर गेल्या, तुकड्यातुकड्यांनी, मध्ये थांबत. पेन धरायची सवय नसलेल्या माणसाच्या. पण लेक कुठेही सुटलेली नव्हती.

"या बरोबर आहेत," बाई पुटपुटल्या. "त्याने बरोबर केल्यात."

"त्याच्या आधी त्या कशा होत्या? जुनी प्रत असते का?"

मुंगीने जुनी प्रत काढली. तीन आठवड्यांपूर्वीची. डावीकडची लेक कापलेली.

"आता शुक्रवारची," आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

पेन वर टेकलं. डावीकडे वळलं. लेकीच्या मानेपाशी आलं आणि पुढे भिंत असावी तसं सरळ खाली उतरलं, उजवीकडून वर गेलं, निघाल्या जागी पोचलं. एका दमात.

"परत दाखव." मुंगीने परत दाखवलं. आत्या पडद्याजवळ सरकली.

"दुसऱ्याच्या हाताची नक्कल करणारा माणूस चाचपडतो," ती अखेर म्हणाली. "मध्ये दाब वाढतो, वेग पडतो. हा हात कुठेही अडखळत नाही. पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. हा दादांचाच हात आहे. शुक्रवारचाही आणि तीन आठवड्यांपूर्वीचाही."

मुंगीने तोंडावर हात धरला.

दादा? बाईंना एकदम सगळं दिसलं. सॉफ्टवेअर शिकून तयार झालं की हाताने रेघा ओढणाऱ्या माणसाची गरज संपणार, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच. चोवीस वर्षांचा हात मोडीत निघणार होता. मग त्या हाताने जायच्या आधी सॉफ्टवेअरलाच खोटं शिकवलं? आणि वर 'माझ्या रेघांना हात कुणी लावला' म्हणून संताप दाखवला?

"मीच विचारते त्यांना," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

६

शुक्रवारचा फोटो दादांच्या पडद्यावर उघडा होता. बाई त्यांच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या, मुंगी दारात.

"दादा, ही रेघ तुम्ही ओढलीत?"

दादांनी नीट निरखून पाहिलं. "मीच की."

"बरोबर आहे?"

"आहे की. काय चुकलंय?"

बाईंचा तोल गेला. "काय चुकलंय? दादा, एवढी टपोरी लेक दिसत नाही तुम्हाला? मला खोटं सांगता? मी त्या पोराला दारातून घालवलं तुमच्यासाठी!"

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. "कुठली लेक?" ते म्हणाले. "बाई, शपथेवर सांगतो. कुठली लेक?"

आत्या केव्हाच त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली होती, अगदी हाताच्या अंतरावर. "दादा," तिने हाक मारली.

दादा उजवीकडे वळले. उजवीकडे बाई होत्या. ते बाईंच्या मागे शोधू लागले. "कोण बोलावतंय?"

बाई एक पाऊल मागे सरल्या.

आत्याने पिशवीतून कागद काढला, मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहिले आणि वळसा घालून तो त्यांच्या पुढ्यात धरला. "एवढं वाचून दाखवता का?"

कागदावर होतं: अमान्य. अपूर्ण. बेसावध.

दादांनी लहान मुलाच्या आज्ञाधारकपणे वाचलं. "मान्य. पूर्ण. सावध."

"ते नऊ अमान्य फोटो!" मुंगी दारातून म्हणाली.

"गाडी बोलवा," आत्या म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आणि यांच्या घरी फोन करा."

"अहो पण मला काय झालंय?" दादा म्हणाले. ते उठून दाराकडे निघाले, डावा खांदा दाराशेजारच्या भिंतीवर आदळला, कोटावर चुन्याचा नवा पट्टा उमटला आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं.

७

डोक्याचा फोटो निघेपर्यंत दुपारचा एक वाजला. तरुण डॉक्टरीण बाहेर आली ती जवळजवळ पळतच.

"मेंदूच्या उजव्या बाजूला, कवटीच्या आतून रक्त साचलंय. एका दिवसाचं नाही, तीनचार आठवड्यांचं आहे. मेंदू बाजूला ढकलला गेलाय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. डोक्याला मार लागला होता का?"

दादांच्या बायकोने, प्रयोगशाळेच्या वहिनींनी, बाकाची कड घट्ट धरली. "महिन्यापूर्वी माळ्यावरची पेटी काढताना कडा लागली होती. साधं टेंगूळ आलं. हेच म्हणाले, बर्फ लाव आणि गप्प बस." त्या रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. "आठवडाभर डावी चप्पल न घालताच निघायचे. मी हसायचे हो त्यांना."

दादांना आत नेल्यावर बाई भिंतीला टेकल्या. "आत्या, तुला कसं कळलं?"

"कळायला उशीरच झाला. मुंगी त्यांच्या डावीकडे बसते, तिचा त्यांना पत्ता नाही. चहा डावीकडे, दिसला नाही. डावा खांदा भिंतीला घासतो. लेकी डावीकडच्या. आणि खोटं बोलणाऱ्याचा हात असा निवांत चालत नाही. तेव्हा हात खरा, माणूस खरा, आणि रेघ चुकीची. मग उरलं काय? त्यांच्यासाठी डावी बाजूच नव्हती. डोळा ठणठणीत असतो, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. आणि आपण घेत नाही आहोत, हेही त्याला कळत नाही."

"पण हे तुला ठाऊक कसं?"

आत्याने चष्मा काढला. "एका मुख्याध्यापिकेच्या सह्या आल्या होत्या माझ्याकडे. नावाची सुरुवातच नाही, अर्ध्यातून सुरू. मी लिहून दिलं, सह्या बनावट. तिला न्यायालयात खोटारडी ठरवली. पाच आठवड्यांनी ती वारली. डोक्यात गाठ होती. माझा अहवाल त्या फायलीत अजून आहे."

जिन्यावर पावलं वाजली. मुंगीने फोन करून बोलावलं होतं. कोंबडा धापा टाकत वर आला आणि बाईंना बघून दोन पायऱ्या खालीच थांबला.

"कसे आहेत?"

"आत नेलंय. डोक्यात रक्त साचलंय," बाई म्हणाल्या. "तीनचार आठवड्यांचं."

त्याने कठडा धरला. "तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा दिसलं मला. पाचसहा लेकी सुटलेल्या. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आठ महिने राहिलेत, कशाला कुणाला कळू द्यायचं? सकाळी येऊन नीट करत होतो. मग दहा झाल्या, मग पंचवीस. वाढतायत हे दिसत होतं बाई, रोज दिसत होतं. तरी नीटच करत बसलो." तो पायरीवर बसला. "मी त्यांना सांभाळत होतो असं वाटत होतं मला."

बाई दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी बसल्या. सकाळी सगळ्यांदेखत त्याला काय काय बोलल्या होत्या ते शब्द आता परत गिळता येत नव्हते. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणाला असतास तरी मी ऐकलं नसतं. इतकी खात्री झाली होती माझी."

"मी खरंच फायली बदलत होतो."

"दार लावून तरी विचारायला हवं होतं मी."

चार वाजता डॉक्टरीण बाहेर आली, मुखपट्टी खाली ओढली आणि म्हणाली, "निभावलंय. आणखी दोन दिवस थांबला असतात तर मी ही जबाबदारी घेतली नसती."

वहिनी तेव्हा रडल्या.

८

बुधवारी बारा प्रयोगशाळांना साठ्याऐवजी बाईंचं पत्र गेलं. गेल्या पाच आठवड्यांच्या सगळ्या रेघा रद्द, नव्याने दोघांच्या हातून काढून घेऊ, तोवर थांबा. संचालकांनी भुवया उंचावल्या. बाईंनी काही लपवलं नाही. शेजारच्या प्रयोगशाळेत त्या स्वतः गेल्या आणि सोमवारी जे जे दाराशी होते त्यांना उभं करून सांगितलं की त्या पोराने रेघा कापलेल्या नव्हत्या. कोंबड्याच्या किल्ल्या त्यांनी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्याने त्या दोन दिवस तशाच पडू दिल्या, तिसऱ्या दिवशी उचलल्या.

नवव्या दिवशी दादांना भेटायची परवानगी मिळाली. बाई कोंबड्याला घेऊन गेल्या. दादा उशीला टेकून बसले होते, डोक्याला पट्टी. कोंबडा पलंगाच्या डावीकडून आला आणि दादांनी लगेच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला.

पण कोंबडा सगळं सांगत गेला तसतसा दादांचा चेहरा कठीण होत गेला. त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे बारा. मी दुरुस्त केलेल्या. रजेच्या दोन दिवसांतल्या एकशे अठरा वेगळ्या."

"दोनशे बारा चुका." दादा उशीवरून सरळ झाले. "चोवीस वर्षं मी एकेक ठिपका... आणि तू रोज सकाळी येऊन माझ्यामागे पुसत होतास? आणि दहा वाजता माझ्यासमोर बसून चहा पीत होतास?"

"तुमचा मान जाईल असं वाटलं."

"अरे, जीव चालला होता माझा!"

पलीकडच्या पलंगावरचा रुग्ण वळून बघू लागला. बाई मध्ये पडणार होत्या, वहिनींनी डोळ्यांनीच थांबवलं. कोंबडा खाली मान घालून उभा होता, सोमवारी बाईंसमोर उभा होता तसाच. पण या वेळी तो गेला नाही. दादांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. शेवटी त्यांनी पांघरूण सारखं केलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस. आणि यापुढे माझं काही चुकलेलं दिसलं तर तोंडावर सांगायचं. माझ्यामागे दुरुस्त करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"मग आत्ता सांग. दिसतंय काही?"

कोंबड्याने मान वर केली. त्याने दादांना नीट निरखलं.

"दाढी, दादा. डावी बाजू एकदम चकचकीत झालीय. तिच्या नादात उजवीकडची तशीच राहिलीय."

दादांचा हात झटकन उजव्या गालावर गेला. खुंट हाताला लागले तसे ते एकदम वहिनींकडे वळले. "आणि तू सकाळपासून बघतेयस!"

"मला वाटलं, बरं वाटू दे आधी," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे तूही!" दादा ओरडले. त्यांनी उशाशी ठेवलेला वस्तरा उचलला आणि कोंबड्याच्या हातात दिला. "घे. समोर बसून कर. आणि जपून."